कर्टिस मेफिल्डसारखी गिटार काळी तीनमध्ये कशी लावावी

अमेरिकन सोल गायक-गिटारवादक कर्टिस मेफिल्डची गाणी नेहमीच्या ट्यूनिंगवर बसवायला गेलं की बोटांची नुसती कसरत होते आणि तरीही ती कानाला पटत नाहीत. कारण त्याची गिटारच वेगळी लागलेली असायची. १९४२ साली शिकागोत जन्मलेला हा मुलगा आधी पियानोच्या काळ्या पट्ट्यांवर आपला आपण वाजवायला शिकला. पुढे गिटार हाती आली तेव्हा तिच्या तारांची रूढ रचना त्याला परकी वाटली, म्हणून त्याने तीही काळ्या पट्ट्यांवरच लावली. ‘इम्प्रेशन्स’ या त्याच्या गायकगटासाठी लिहिलेलं १९६१चं ‘जिप्सी वुमन’, १९६५चं ‘पीपल गेट रेडी’, मग एकट्याने केलेलं १९७२चं ‘सुपर फ्लाय’, सगळं याच वळणाचं. तेव्हा गाणं नंतर, आधी गिटार लावा.

षड्ज काळी तीन, म्हणजे एफ शार्प. जाड तारेकडून बारीक तारेकडे स्वर असे (वर-खाली हे नेहमीच्या ई, ए, डी, जी, बी, ई या ट्यूनिंगच्या तुलनेत):

सहावी: एफ शार्प (९२.५ हर्ट्झ), दोन अर्धे स्वर वर
पाचवी: ए शार्प (११६.५), एक अर्धा स्वर वर
चौथी: सी शार्प (१३८.६), एक अर्धा स्वर खाली
तिसरी: एफ शार्प (१८५), एक अर्धा स्वर खाली
दुसरी: ए शार्प (२३३.१), एक अर्धा स्वर खाली
पहिली: एफ शार्प (३७०), दोन अर्धे स्वर वर

घरात पेटी असेल तर काळी तीन, काळी पाच आणि काळी एक एवढ्या तीनच पट्ट्या लागतात. क्लिपचा ट्यूनर वापरत असाल तर तो क्रोमॅटिकवर, म्हणजे बाराही स्वर ओळखणाऱ्या मोडवर ठेवा. ‘गिटार’ मोडमध्ये त्याला फक्त नेहमीचे स्वर कळतात आणि तो तुम्हाला चुकीच्या दिशेने खुंटी पिळायला लावतो.

आधी चौथी, तिसरी आणि दुसरी तार उतरवा. मग पाचवी आणि सहावी चढवा, पहिली सगळ्यात शेवटी. सगळ्या लागल्या की पुन्हा एक फेरी मारा, कारण ताण बदलला की मान किंचित हलते आणि आधी लावलेल्या तारा सरकतात. तार चढवताना ‘टक’ असा आवाज येऊन स्वर उडी मारत असेल तर ती नटच्या (मानेच्या टोकाच्या पट्टीच्या) खाचेत अडकते आहे. त्या खाचेत पेन्सिलीचं शिसं घासा.

पहिली तार तुटते ती इथेच. दोन अर्धे स्वर चढवले की तिचा ताण सुमारे २६ टक्के वाढतो, आणि जुनी, गंजलेली तार तेवढं सोसत नाही. इलेक्ट्रिक गिटारवर ९-४२चा (तारांची जाडी, इंचाच्या हजाराव्या भागात) नवा सेट घाला. एफ शार्पला ९ची तार जवळपास तेवढाच ताण देते जेवढा १०ची तार ई ला देते. अकूस्टिकवर मात्र हा खटाटोप करू नका. तिथे तारा ई, जी शार्प, बी, ई, जी शार्प, ई अशा लावा (एकही तार चढवावी लागत नाही) आणि दुसऱ्या फ्रेटवर (मानेवरच्या आडव्या पट्टीवर) कॅपो, म्हणजे सगळ्या तारा दाबून धरणारा चिमटा, लावा. मधल्या तारा सैल होतात, त्यामुळे कॅपोने त्या वर ओढल्या जातात. कॅपो लावल्यावर पुन्हा स्वर तपासा.

आता मोकळ्या तारा छेडा: एफ शार्प मेजर. चौथी तार दुसऱ्या फ्रेटवर एका बोटाने दाबा: डी शार्प मायनर. पाचव्या फ्रेटवर सरळ बार धरला (एका बोटाने सगळ्या तारा दाबल्या) की बी, सातव्यावर सी शार्प. या चार कॉर्डवर मिनिटाला ७० ठोक्यांच्या लयीत फिरत राहा. बार हलका धरा. मधल्या तारा सैल असल्याने जोर लावला की त्या चढ्या वाजतात.

पण मेफिल्ड ऐकू येतो तो बारमध्ये नाही, बारच्या आजूबाजूच्या बोटांत. पाचव्या फ्रेटचा बार तर्जनीने धरून ठेवा आणि अनामिका चौथ्या तारेवर सातव्या फ्रेटला आपटून उचला. मग तेच तिसऱ्या तारेवर. मग मधल्या बोटाने दुसऱ्या तारेवर सहाव्या फ्रेटला. कॉर्ड जागच्या जागी, आणि तिच्यातून (कॉर्डचा मूळ स्वर षड्ज धरला तर) धैवत, रिषभ, मध्यम डोकावून जातात. बार कुठेही न्या, बोटांचं अंतर तेच राहतं. मध्यम तेवढा क्षणभरच घ्या आणि लगेच गंधारावर या. तो वगळला तर उरतात ते भूपाचेच पाच स्वर, आणि षड्ज काळी तीन असेल तेव्हा काळ्या पाच पट्ट्या. म्हणूनच त्याच्या हरकती आपल्या कानाला इतक्या ओळखीच्या वाटतात.

पिक बाजूला ठेवा. मेफिल्ड बोटांनी वाजवायचा. अंगठ्याकडे सहावी, पाचवी आणि चौथी, पुढच्या तीन बोटांकडे उरलेल्या तारा. अँपवर डिस्टॉर्शन नको. त्याचा गळा वरच्या पट्टीतला, हळुवार. गिटारने त्या आवाजाखाली शांत राहायचं आणि ओळ संपली की मधल्या जागेत बोलायचं. शब्दांवर हरकत मारली की दोन्हींची माती होते.

ऐकायला सुरुवात १९७१च्या ‘कर्टिस/लाइव्ह!’पासून करा. न्यूयॉर्कच्या ‘बिटर एंड’मधलं हे ध्वनिमुद्रण, साथीला मोजकीच माणसं, त्यामुळे तारा स्पष्ट ऐकू येतात. दुसरी गिटार क्रेग मॅकमलनची आहे, दोन्हींत गल्लत करू नका. १९९६च्या ‘न्यू वर्ल्ड ऑर्डर’मध्ये मात्र त्याच्या बोटांचा शोध घेऊ नका. १३ ऑगस्ट १९९० रोजी ब्रुकलिनच्या मैदानात दिव्यांचा सांगाडा अंगावर कोसळला आणि मानेखालचं शरीर कायमचं लुळं पडलं. तो अल्बम त्याने आडवं पडून, एकेक ओळ करत गायला आहे. तिथे गळा ऐका, आणि श्वास किती जपून वापरला आहे तो ऐका.

नेहमीच्या ट्यूनिंगवर परतताना आधी पहिली, सहावी आणि पाचवी उतरवा, मगच मधल्या तीन चढवा. रोज असं वरखाली केलं तर पहिली तार खुंटीच्या वळणाशी लवकर तुटते, म्हणून दुसरी गिटार असेल तर ती कायमची काळी तीनमध्येच लावून ठेवा.