विहिरीच्या काठावर प्रबंध सांगताना

पीएचडीच्या दुसऱ्या वर्षी मी माझं संशोधन पहिल्यांदा विभागाबाहेरच्या माणसांना सांगितलं. पारनेर तालुक्यातल्या एका गावात, मारुतीच्या देवळासमोर. त्या गावातल्या चाळीसेक विहिरींची पाणीपातळी मी वर्षभर मोजत होते. माझ्या गाईड मॅडम म्हणाल्या, ज्यांच्या विहिरीत तू टेप सोडतेस त्यांना तू काय करतेस हे कळायला हवं. मलाही ते मनापासून पटलं. मग विभागातल्या सेमिनारच्या स्लाइड मी मराठीत केल्या, कोश उघडून एकेक शब्द शोधला. सच्छिद्रता, पारगम्यता, जलधर, पुनर्भरण. अर्धा तास बोलले. लोक शांतपणे ऐकत होते आणि ते शांत आहेत याचा अर्थ त्यांना कळतंय असा मी घेतला.

शेवटी एक आजोबा उठले. म्हणाले, "ताई, तुम्ही म्हनता ते समदं बरोबर असंल. पण माझी हीर संक्रांतीलाच तळाला का जाती आन् वढ्याकडची एप्रिलपातूर का चालती, तेवढं सांगा."

या प्रश्नाचं उत्तर माझ्याकडे होतं. माझं तिसरं प्रकरण त्यावरच आहे. अर्धा तास बोलून मी नेमकं तेच सांगितलं नव्हतं.

हे लिहितेय ते नुकतंच पीएचडीला लागलेल्या किंवा एमएस्सीचा प्रकल्प करणाऱ्या मुलामुलींसाठी. आपलं काम सर्वसामान्य लोकांना सांगावंसं वाटतं, पण सुरुवात कुठून करायची हे कळत नाही, अशांसाठी. माझा विषय बेसाल्ट खडकातलं भूजल. तुमचा वेगळा असेल, पण अडचणी बऱ्याचशा सारख्याच येतात.

पहिली गोष्ट म्हणजे, बोलायला सुरुवात करण्याआधी विचारा. आपण प्रबंधाच्या क्रमाने सांगतो: आधी पार्श्वभूमी, मग पूर्वीचं संशोधन, मग पद्धत आणि सगळ्यात शेवटी निष्कर्ष. तो क्रम परीक्षकांसाठी असतो. समोरच्या माणसाच्या मनात स्वतःचा एक प्रश्न आधीपासून असतो, आणि तो सापडला की बोलणं तिथून सुरू करता येतं. आता मी गावात गेले की पहिली दहा मिनिटं फक्त ऐकते. कुणाची विहीर किती खोल, कोणत्या महिन्यात आटते, खोदताना काय काय लागलं. विहिरी खोदणारी माणसं खडकाची जी नावं घेतात ती मला एमएस्सीच्या दोन वर्षांत एकदाही ऐकायला मिळाली नव्हती. वर मुरूम, खाली काळा पाषाण, त्याखाली भोकाभोकांचा आणि पांढऱ्या खड्यांनी भरलेला मांजऱ्या, आणि दोन थरांच्या मध्ये लाल गेरू. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हाचे थर एकावर एक साचत गेले, त्या सगळ्या इतिहासाची ही बोलीतली नावं आहेत. महाराष्ट्राचा ८० टक्क्यांहून जास्त भाग याच खडकावर उभा आहे. म्हणजे ही नावं माहीत असलेला श्रोता राज्यात जवळजवळ कुठेही भेटू शकतो.

कोशातले शब्द चुकीचे आहेत असं मी मुळीच म्हणत नाही. मराठीत प्रबंध लिहायचा तर ते लागतातच, आणि ज्यांनी ते घडवले त्यांच्याविषयी मला आदर आहे. पण पारावर बोलताना 'पुनर्भरण'पेक्षा 'मुरणं' जवळचं. 'निष्कासन' कुणी म्हणत नाही, 'उपसा' म्हणतात. खोलीचंही तसंच. मी मीटरमध्ये बोलत होते, म्हातारी माणसं परसात मोजत होती. एक परस म्हणजे ढोबळमानाने माणसाच्या उंचीएवढी खोली. आता मी दोन्ही सांगते.

उपमा देताना फार जपा. भूजल समजावताना सगळीकडे स्पंजाची उपमा देतात, मीही दिली. एका विहीर खोदणाऱ्या काकांनी मला तिथेच थांबवलं. "पाषाणात कुठला स्पंज, ताई? पाणी चिरीतनं येतं." ते अगदी बरोबर होते. वाळूच्या प्रदेशात स्पंज चालेल. आपल्याकडच्या खडकात पाणी राहतं ते भेगांमध्ये, झिजलेल्या वरच्या थरात आणि दोन थरांच्या सांध्यात. मग मी भाकऱ्यांची चवड घेतली. एकावर एक भाकरी, काही अखंड, काही तडकलेल्या, आणि पाणी फक्त तड्यांत नि मधल्या फटीत. ही उपमा लगेच पोचली. पण त्यातूनही एकाने वेगळाच अर्थ काढला: म्हणजे जितक्या भाकऱ्या खाली जाऊ तितकं पाणी जास्त! तेव्हापासून चवडीची गोष्ट सांगितली की तिची मर्यादाही मी त्याच दमात सांगते. खोल गेलं की भेगा कमी होतात, पाऊस तिथे पोचायला फार वेळ लागतो, आणि खोल बोअर पुष्कळदा वरच्या विहिरीचंच पाणी खाली ओढतं. उपमा कुठे मोडते ते सांगितलं नाही तर लोक तिच्यावर विसंबून पैसे खर्च करतात. आणि बोअरला लागणारा पैसा थोडाथोडका नसतो.

आता आकड्यांविषयी. इथे जरा सविस्तर लिहिते, कारण माझ्या अनुभवात लोक आकड्यांना घाबरत नाहीत, त्यांना परके आकडे नको असतात. आमच्या भाषेत सांगायचं तर या खडकाची 'विशिष्ट निष्पत्ती' साधारण २ टक्के. म्हणजे शंभर घनमीटर भिजलेल्या खडकातून दोनच घनमीटर पाणी हाती येतं. हे वाक्य मी तीन वेळा सांगितलं आणि तीनही वेळा ते हवेत विरलं. मग एका संध्याकाळी वहीत हिशोब मांडला. एक एकर म्हणजे सुमारे ४,००० चौरस मीटर. त्या एकराखालची पातळी एक मीटरने उतरली, तर खडकातून आलेलं पाणी सुमारे ८०,००० लिटर. दहा हजार लिटरचे आठ टँकर. आता कांद्याला पाट सोडून एक पाणी द्यायचं, शेतात पाच सेंटिमीटर पाणी उभं राहील एवढं, तर एकराला दोन लाख लिटर लागतात. वीस टँकर. म्हणजे मोकळ्या पाटाने दिलेल्या एका पाण्यात त्या एकराखालची पातळी अडीच मीटर उतरते.

पुढच्या बैठकीत मी फळ्यावर एवढंच लिहिलं. कुणी काही बोलेना. मग एक ताई म्हणाल्या, "अन् पावसाचं किती मुरतं, ते बी मांडा की." तेही मांडलं. पाचशे मिलिमीटर पाऊस झाला तर एकरावर वीस लाख लिटर पडतं. त्यातलं या खडकात साधारण दहावा हिस्सा मुरतं असं धरलं, तर दोन लाख लिटर. अख्ख्या पावसाळ्याचं मुरलेलं पाणी आणि कांद्याचं एक पाणी, दोन्ही सारखंच!

त्यावर त्याच ताईंनी मला दुरुस्त केलं. पाणी फक्त त्याच एकरातलं थोडंच येतं, गायरानातलं आणि डोंगरावरचंही उतारानं येतं ना, त्यांचा प्रश्न. खरंच येतं. मग आम्ही हिशोब एकरावरून उचलून अख्ख्या शिवाराचा केला: बागायत किती, पडीक किती, डोंगर किती. विभागातल्या सादरीकरणात हा प्रश्न मला कुणी विचारला नव्हता. आज माझ्या चौथ्या प्रकरणातला एक पूर्ण भाग त्या संध्याकाळमुळे आहे. लोकांसाठी सोपं केलं की संशोधन हलकं होतं, असं मानणारी माणसं तुम्हाला विद्यापीठात भेटतील. त्यांचं ऐकू नका. आपला युक्तिवाद कुठे कच्चा आहे ते सोप्या भाषेत सांगताना जितकं उघडं पडतं, तितकं अवघड शब्दांत पडत नाही.

नगर तालुक्यातल्या हिवरे बाजारला एकदा जाऊन या, तुमचा विषय पाण्याचा नसला तरी. पडलेला पाऊस मोजून गावाचा पाण्याचा ताळेबंद तिथे दरवर्षी ग्रामसभेपुढे मांडतात आणि कोणती पिकं घ्यायची ते त्यावर ठरवतात. एक वैज्ञानिक आकडा सगळ्या गावाच्या चर्चेत कसा येतो, हे मला तिथे दिसलं.

आता माझी एक चूक. ती तुमच्याकडून होऊ नये म्हणून लिहिते. दुसऱ्या एका गावात मी नकाशा लावला. प्रत्येक विहीर, शेजारी गट नंबर, आणि पातळी किती उतरली ते लाल-पिवळ्या-हिरव्या रंगात. नकाशा देखणा झाला होता. पाच मिनिटांत लोकांनी नंबर ओळखले आणि दोन भावकीतला जुना वाद उकरून निघाला: तुझ्या मोटारीमुळेच माझी हीर लाल. माझी मोजणी असं काही सिद्ध करत नव्हती. पण नकाशाने ते सुचवलं होतं, आणि सुचवणारी मी होते. त्यातल्या एका घराने पुढे मला विहिरीवर येऊ दिलं नाही. त्यांचं बरोबरच होतं. माणसांकडून, घरांतून, शेतांतून माहिती घेत असाल तर नुसतं नाव काढून भागत नाही. गावातल्या माणसाला ओढ्याच्या वळणावरूनही विहीर ओळखता येते. आता मी नकाशा आधी संबंधित शेतकऱ्यांना एकेकट्यांना दाखवते आणि सभेत वाडीनिहाय सरासरीच मांडते.

दुसरा धडा बातमीचा. एका वार्ताहराने फोनवर माझ्याशी वीस मिनिटं बोलणं केलं. उपसा असाच राहिला आणि सलग कमी पाऊस झाला तर काही विहिरी उन्हाळ्याआधीच आटतील, असं मी म्हणाले. छापून आलं की तालुक्यातलं पाणी तीन वर्षांत संपणार. त्यातला 'तर' गळून पडला. त्या आठवड्यात मला आलेले फोन मी विसरणार नाही. एकाने विचारलं, मुलीचं लग्न ठरवतोय, जमीन आत्ताच विकू का? तेव्हापासून मी बोलणं झालं की लगेच पाच-सहा ओळींचं टिपण पाठवते, त्यात आकडे, अटी आणि 'हे मी म्हणत नाही' असं एक वाक्य. बातमीतले आकडे छापण्याआधी वाचून दाखवाल का, असंही विचारते. पुष्कळजण आनंदाने दाखवतात.

अनिश्चितता लपवू नका. 'नक्की सांगता येत नाही' म्हटलं की लोकांचा विश्वास उडेल, अशी आपल्याला भीती असते. पण शेतकऱ्याचं सगळं आयुष्य पावसाच्या अंदाजावर चालतं, त्याला अनिश्चितता आपल्यापेक्षा जास्त कळते. मी आता पट्टा सांगते. दहावा हिस्सा मुरतो म्हणजे कुठे सात टक्के, कुठे तेरा, आणि तुमच्या शिवारात किती ते मोजल्याशिवाय कळणार नाही.

सरावासाठी जागा बऱ्याच आहेत. २८ फेब्रुवारीला, राष्ट्रीय विज्ञान दिनी, अनेक संशोधन संस्था लोकांसाठी दारं उघडतात. नारायणगावजवळ खोडदला, जिथे जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीच्या ४५ मीटर व्यासाच्या तीस तबकड्या आहेत, तिथल्या विज्ञान दिनाच्या गर्दीत शाळकरी मुलं आणि आसपासचे शेतकरी दोन्ही दिसतात. मुंबईत टाटा मूलभूत संशोधन संस्थेतली मंडळी 'चाय अँड व्हाय' नावाने रविवारी गप्पा घेतात, आधी चार-पाच वेळा नुसतं ऐकायला जा. मराठीत लिहायचं तर मराठी विज्ञान परिषद १९६६ पासून हेच काम करत आहे, तिची पत्रिका चाळा. पीएचडीच्या विद्यार्थ्यांनी आपल्या संशोधनावर सर्वांना कळेल असा लेख लिहावा, म्हणून केंद्राच्या विज्ञान आणि तंत्रज्ञान विभागाने २०१८ साली 'अवसर' स्पर्धा सुरू केली, तिचं पहिलं बक्षीस एक लाखाचं होतं.

तीन मिनिटांत प्रबंध सांगायच्या स्पर्धेचा मला वैयक्तिक फायदा सगळ्यात जास्त झाला. ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँड विद्यापीठाने २००८ साली ती सुरू केली. एकच स्थिर स्लाइड, तीन मिनिटं, वेळ उलटली की बाद. मराठीत माझ्या वेगाने तीन मिनिटांत साडेतीनशे शब्द होतात. पहिल्या मसुद्यात माझे नऊशे होते. एकेक वाक्य काढताना मला समजलं की 'पूर्वीचं संशोधन' सगळं गेलं तरी चालतं, पण आजोबांचा प्रश्न काढला की उरलेलं कोसळतं.

काही गोष्टी झटपट सांगते. अजून प्रसिद्ध न झालेले निष्कर्ष बाहेर सांगण्याआधी गाईडना आणि सहलेखकांना विचारा. पेटंट घेण्यासारखं काही असेल तर अर्ज दाखल होईपर्यंत एक फोटोसुद्धा टाकू नका, जाहीर झालेली गोष्ट नवी राहत नाही. मसुदा विज्ञान न शिकलेल्या एका माणसाला मोठ्याने वाचायला लावा आणि तो जिथे अडखळतो तिथे खूण करा. माझा मसुदा माझी आई वाचते.

सध्या प्रबंध जमा करायची घाई चालू आहे. मॅडमशी ठरवून मी त्याचा चार पानी मराठी गोषवारा करतेय, पहिल्या गावासाठी. पहिल्या पानावर आजोबांचा प्रश्न आणि त्याचं उत्तर: त्यांची विहीर उंचावर, मुरमाचा थर तिथे पातळ, खाली अखंड पाषाण, ओढ्याकडच्या विहिरीला गेरूच्या सांध्यातून पाझर मिळतो. दुसऱ्या पानावर शिवाराचा हिशोब. शेवटचं पान कोरं, नुसता तक्ता आखलेला: ऑक्टोबर, जानेवारी, मार्च, मे. शाळेतल्या गुरुजींनी मुलांकडून दोरीला गाठी मारून घेतल्या आहेत, दर अर्ध्या मीटरवर एक. ऑक्टोबरची मोजणी मुलं करणार आहेत, मी फक्त बरोबर असेन.