चिलखत घडवताना आणि दुरुस्त करताना या चुका टाळा

छातीचा पहिला पत्रा मी आरशासमोर ताठ उभं राहून मापला होता, गळ्याच्या खळगीपासून थेट पॅन्टच्या पट्ट्यापर्यंत. तीन आठवडे ठोकाठोक करून तो तयार झाला आणि उभ्याने अंगावर छान दिसला. मग मी स्टुलावर बसलो. खालची कड मांड्यांवर टेकली, सगळा पत्रा चार बोटं वर सरकला आणि गळ्याकडची कड हनुवटीखाली रुतली. ठोके, पॉलिश, रिव्हेट सगळं नीट होतं. चूक नमुन्याच्या पुठ्ठ्यावर पहिली रेघ मारली तेव्हाच झाली होती.

मध्ययुगीन लढाया पुन्हा उभ्या करण्याच्या छंदात चिलखत घडवणारे बरेच जण आपली अडचण लोखंडाची म्हणून सांगतात. खोदून विचारलं की बहुतेक वेळा ती अंगाची निघते. चिलखत शिवलेल्या कपड्यासारखंच अंगावर वागवायचं असतं. चुकलेला कपडा उसवता येतो, पत्रा मात्र उसवता येत नाही, म्हणून मापाला दुप्पट वेळ द्यायचा.

कमर नेमकी कुठे असते

चौदाव्या-पंधराव्या शतकातले जे छातीचे पत्रे संग्रहालयांत शिल्लक आहेत, ते पहिल्यांदा पाहणाऱ्याला आखूड वाटतात. ते आखूडच असायला हवेत. उभं राहून एका बाजूला वाका. कुशीत जिथे घडी पडते ती खरी कमर. ती बेंबीच्या जरा वर, शेवटच्या बरगडीच्या खाली येते, पॅन्टचा पट्टा बसतो तिथे नाही. पत्रा या घडीवर संपला पाहिजे. त्याच्या खालचं पोट झाकायला एकमेकींवर सरकणाऱ्या आडव्या पट्ट्या असतात, म्हणून माणूस बसू शकतो, घोड्यावर चढू शकतो, पडला तर उठू शकतो. पत्रा कमरेत नीट आत घेतलेला असेल तर वजनाचा बराच भाग कमरेवर टेकतो आणि खांदे मोकळे राहतात. खांदे अर्ध्या तासात भरून येत असतील तर पत्रा जड आहे असं ठरवण्याआधी तो कमरेत बसतोय का ते पाहा.

लांब झालेला पत्रा फुकट गेला असं मात्र समजू नका. मी माझा कमरेच्या रेषेवर कापला, कड बाहेर वळवली आणि कापलेल्या तुकड्यातून खालची पहिली पट्टी काढली.

दुसरी हमखास चूक काखेपाशी होते. हात बाजूला सोडून माप घेतलं की सगळं झाकलेलं बरं वाटतं. मग दोन्ही हातांनी तलवार धरून हात पुढे आणले की पत्र्याची कड दंडात घुसते. अस्सल नमुन्यांत काखेकडचा भाग बराच आत कापलेला असतो. ती उघडी जागा जाळीच्या चिलखताने आणि खांद्याच्या पत्र्याने झाकायची असते. छातीच्या पत्र्याने नाही.

माप कधी घ्यायचं? गद्दीदार अंगरखा शिवून झाल्यावरच. तो खरं तर चिलखताचा पहिला थर आहे. पायांचे पत्रे त्याला किंवा कमरपट्ट्याला बांधले जातात, हातांचे पत्रे त्याच्या बाह्यांना. साध्या शर्टावर माप घेऊन घडवलेलं चिलखत नंतर अंगरख्यावर चढतच नाही, किंवा चढलं तर श्वास कोंडतो. अंगरखा नवा असताना फुगीर असतो, पाच-सहा वेळा घातला की दबतो. म्हणून तो थोडा वापरून मगच माप घ्या. आणि त्याच्या बाह्या अशा जोडा की हात डोक्यावर नेला तरी अंगाचा भाग वर ओढला जाणार नाही. तो ओढला गेला तर त्याला बांधलेलं सगळं लोखंडही सोबत वर येतं.

पुठ्ठ्याचं पूर्ण चिलखत करून, चिकटपट्टीने जोडून, ते घालून एक संध्याकाळ घरात वावरा. बसा, गुडघ्यावर टेका, उजव्या हाताने डावा खांदा धरा, बुटाची नाडी बांधा. जिथे पुठ्ठा चुरगळतो तिथे पत्रा रुतणार आहे.

पत्रा कोणता, किती जाड

‘जितका जाड तितका सुरक्षित’ हा समज अंगाला फार महाग पडतो. जुन्या कारागिरांनी एकाच पत्र्यात जाडी कमी-जास्त ठेवली होती. छातीच्या मधोमध जाड, कडेकडे पातळ. शिरस्त्राण समोरून जाड. त्यामुळे मैदानी लढाईचं अख्खं पोलादी चिलखत साधारण 20 ते 25 किलोंत बसायचं, आणि ते वजन अंगभर वाटलेलं असायचं. आपण सगळीकडे 2 मिलिमीटरचा पत्रा वापरला तर हा आकडा सहज ओलांडतो. साध्या माइल्ड स्टीलमध्ये बोथट हत्यारांच्या खेळासाठी शिरस्त्राणाला 2 मिलिमीटर आणि हातापायांना 1.2 ते 1.5 मिलिमीटर ही सर्वसाधारण रीत आहे. तुमच्या गटाचा नियम याहून कडक असेल तर तोच पाळा.

जस्ताचा मुलामा दिलेला पत्रा किंवा तार घेऊ नका. ती तापवली की जस्ताचा पांढरा धूर निघतो आणि तो छातीत गेला की काही तासांत थंडी वाजून ताप भरतो. जाळीच्या चिलखतासाठी कुंपणाच्या तारेच्या कड्या करणाऱ्यांनी हे खास लक्षात ठेवावं, कारण रिव्हेटने बंद होणारी कडी करायची तर तार तापवून नरम करावीच लागते.

ठोकताना

पत्रा मधोमध बोटाने दाबला की ‘टक्’ करून आत जातो आणि सोडला की ‘टक्’ करून बाहेर येतो? मधला भाग ताणून जास्त झाला आहे आणि कडा त्याला जागा देत नाहीत. अशा वेळी हात आपोआप त्या सैल जागेवरच हातोडा चालवतो, आणि प्रत्येक ठोक्याने ती अजून ताणते. सैल जागा सोडून द्या. तिच्या भोवतीचा घट्ट भाग हलक्या, एकसारख्या ठोक्यांनी ताणत आणा. आवाज हळूहळू बुजत जातो आणि मग पूर्ण थांबतो.

ओंडक्यातल्या खळग्यावर खोलगट आकार देताना मध्यापासून सुरुवात करणं हीही अशीच चूक. मध्य सगळ्यात आधी पातळ होतो आणि शेवटी तिथेच फाटतो. कडेपासून गोल गोल फिरत आत या. हातोडा उसळायला लागला, आवाज टणक झाला, की पत्रा ठोक्यांनी कडक झालाय. तेव्हा जोर वाढवू नका. ताव देऊन लाल करा, हळू थंड होऊ द्या, मग पुढे जा.

कापलेल्या कडेची बर, म्हणजे धारदार खरखर, काढल्याशिवाय काहीही अंगावर चढवू नका. मी जुना नायलॉनचा पायमोजा हातात घालून प्रत्येक कडेवरून फिरवतो. धागा जिथे अडकतो तिथे कानस. बोटांना जे जाणवत नाही ते पायमोज्याला जाणवतं. आणि पॉलिशच्या चाकापाशी हातमोजे कधीही घालू नका. चाक हातमोजा पकडतं आणि हातासकट ओढतं.

सांधे अडतात का, खुळखुळतात का

कोपर आणि गुडघ्याच्या पट्ट्यांची सगळी भोकं एकदम पाडून टाकणं ही उत्साहाच्या भरात होणारी चूक. कागदावर जुळलेली भोकं गोलाई दिलेल्या पत्र्यावर जुळत नाहीत. एक भोक पाडा, त्यात छोटा बोल्ट घाला, सांधा वाकवून पाहा, मग पुढचं. सगळा सांधा बोल्टवर नीट चालला की मगच एकेक बोल्ट काढून रिव्हेट ठोका.

रिव्हेट ठोकल्यावर सांधा जाम होत असेल तर दोन पट्ट्यांच्या मध्ये पोस्टकार्डाएवढ्या जाडीचा कागद ठेवून ठोका आणि नंतर तो ओढून काढा. तेवढी फट सांधा हलायला पुरते. रिव्हेट आतल्या आत वाकत असेल तर त्याचं शेपूट लांब राहिलंय. बाहेर उरलेली लांबी रिव्हेटच्या जाडीएवढी किंवा फार तर दीडपट असावी, म्हणजे 4 मिलिमीटरच्या रिव्हेटला 4 ते 6 मिलिमीटर. एक जोरदार घाव घालण्यापेक्षा कडेकडेने वीस हलके घाव घातले की डोकं गोल बसतं. चामड्यावर ठोकताना खाली वॉशर हवाच, नाहीतर पहिल्याच झटापटीत रिव्हेट चामड्यातून आरपार निघून येतो.

पट्टे कुठून कुठे जातात हे अनेकांना कळत नाही, कारण चित्रांत समोरची बाजूच दिसते. इंग्लंडमधल्या वॉरिकच्या सेंट मेरी चर्चमध्ये रिचर्ड बीचमच्या समाधीवर साधारण 1450 च्या सुमारास घडवलेला धातूचा पुतळा आहे. त्याच्या चिलखताची पाठदेखील बारकाईने घडवली आहे, बक्कल आणि बिजागऱ्यांसकट. त्याचे फोटो जमवा आणि समोर ठेवून काम करा.

पाणी देताना

माइल्ड स्टील लाल करून तेलात बुडवलं म्हणजे ते कडक झालं, असं मानून लोक पातळ पत्र्याचं शिरस्त्राण घालून मैदानात उतरतात. हे धोक्याचं आहे. माइल्ड स्टीलमध्ये कार्बन इतका कमी असतो की पाणी दिल्याने, म्हणजे असं तापवून झटकन थंड केल्याने, फारसा फरक पडत नाही. पाणी धरतं ते 1050 सारखं पोलाद, ज्यात सुमारे अर्धा टक्का कार्बन असतो. ते चुंबक चिकटेनासं होईपर्यंत, म्हणजे 770 अंशांच्या वर, आणि त्याहून थोडं पुढे एकसारखं तापवायचं. एक कोपरा शेंदरी आणि दुसरा काळपट असेल तर वस्तू वाकडी होणार हे नक्की.

तेलात बुडवताना ती एका दमात पूर्ण आत गेली पाहिजे. अर्धवट बुडालेल्या तापल्या पत्र्यावर तेल पेट घेतं. भांडं धातूचं, पुरेसं खोल, झाकण हाताशी, आणि हे काम उघड्यावर, सोबत दुसरा माणूस असताना.

पाणी दिलेला पत्रा लगेच परत तापवून त्याचा ठिसूळपणा घालवावा लागतो. ‘उद्या करू’ म्हणून ठेवलेला पत्रा रात्रीत तडकलेला सापडू शकतो. रंग पाहून ताव ओळखणार असाल तर आधी पृष्ठभाग घासून पांढरा करा. पिवळा, जांभळा, निळा हे रंग स्वच्छ धातूवरच दिसतात.

शिरस्त्राणाच्या आत

आत स्पंज चिकटवून काम भागवू नका. मऊ स्पंज घाव बसताच पूर्ण दबतो आणि लोखंड थेट कवटीला लागतं. जुन्या शिरस्त्राणांच्या आत कडेने रिव्हेटांची रांग दिसते. ती अस्तराची असते. त्या रिव्हेटांनी एक पट्टी बसवायची आणि तिला गादीसारखं शिवलेलं अस्तर टाचायचं, म्हणजे डोकं अस्तरात झुलतं आणि पत्रा डोक्यापासून लांब राहतो. हनुवटीचा पट्टा बांधून डोकं जोरात हलवा. शिरस्त्राण डोक्याबरोबरच फिरलं पाहिजे. डोळ्यांच्या फटीतून तुमच्या खेळात वापरलं जाणारं कुठलंही टोक आत शिरता कामा नये, हे ते हत्यार हातात घेऊनच तपासा.

जुनं चिलखत हाती आलं तर

सगळ्यात मोठं नुकसान मी इथे पाहिलंय. एकाने अडगळीतून मिळालेला गंजका गळपट्टा, म्हणजे गळ्याचा पत्रा, मोठ्या हौसेने बफिंगच्या चाकावर चकचकीत केला आणि मला दाखवायला आणला. आतल्या बाजूला हातोड्याच्या खुणा होत्या, जाडी जागोजागी वेगळी होती. बाहेर कडेजवळ एक पुसटसा खळगा होता, जिथे बहुधा ठसा असावा. आता तो वाचता येत नाही. न्यूरेंबर्गच्या कामावर ‘एन’ अक्षराचा आणि आउग्सबुर्गच्या कामावर पाइनच्या फळाचा ठसा असायचा. असे ठसे नखाएवढे, उथळ असतात आणि चाकाखाली काही सेकंदांत जातात.

म्हणून पहिला प्रश्न स्वच्छतेचा नाही, वयाचा आहे. आत हातोड्याच्या खुणा, कमी-जास्त जाडी, कानशीच्या रेघा, बुजवलेली जुनी भोकं दिसली तर थांबा. फोटो काढा, कोरडं ठेवा आणि संग्रहालयाच्या जतनतज्ज्ञाला दाखवा. काळसर, घट्ट बसलेला थर काढू नका. बोटाला लागणारी नारिंगी भुकटी तेवढी चालू गंजाची असते.

वस्तू आधुनिक नक्कल आहे याची खात्री असेल तर हात मोकळा आहे, तरी दोन गोष्टी सांभाळा. धुण्याच्या सोड्याच्या पाण्यात वीज सोडून गंज काढणार असाल तर दुसऱ्या टोकाला साधं लोखंड लावा. स्टेनलेस स्टील लावलं की क्रोमियमची विषारी संयुगं पाण्यात उतरतात. या कामात हायड्रोजनही सुटतो, तेव्हा ठिणगी लांब आणि खिडक्या उघड्या. आणि पाणी दिलेला पत्रा आम्लात टाकू नका. हायड्रोजन पोलादात शिरतो आणि ते ठिसूळ होतं.

पोचा काढताना सगळ्यात खोल जागी पहिला घाव घालण्याचा मोह आवरा. आतून, पोच्याच्या कडेपासून गोल फिरत मध्याकडे या. तोच पोचा तिसऱ्यांदा काढत असाल, किंवा रिव्हेटच्या भोकापाशी केसासारखी रेघ दिसत असेल, तर ते शिरस्त्राण आता भिंतीवर टांगण्यापुरतं. वेल्डिंगने चीर बुजते, पण आजूबाजूला दिलेलं पाणी उतरतं.

गंज सगळ्यात आधी पट्ट्यांखाली धरतो, कारण चामडं घाम धरून ठेवतं आणि त्यातलं टॅनिन पत्र्याला खातं. पट्टे बदलताना खालचा पत्रा साफ करून त्यावर मेणाचा थर द्या, चामड्याच्या मागच्या बाजूलाही मेण चोळा, आणि नवा पट्टा जुन्याच भोकांत बसवा.