चकलीचा सोऱ्या घेताना
पितळी सोऱ्या घ्यायचा तर दुकानातच दट्ट्या पार तळापर्यंत फिरवून बघा. दट्ट्याची चकती आणि नळा यांत फट असेल तर पीठ खाली यायचं सोडून कडेने वर चढतं. आटे अडकत असतील तर सरळ दुसरा मागा. ताटलीतल्या चांदणीची टोकं धारदार हवीत, बोथट असली की चकलीला काटे सुटत नाहीत. अर्थात पीठच बिघडलं तर सोऱ्या बिचारा काय करणार! वाटीभर भाजणीला वाटीभर उकळतं पाणी आणि टेबलस्पूनभर कडकडीत मोहन पुरे. मोहन जास्त झालं की चकली तेलात विरघळते. काम झाल्यावर सोऱ्या लगेच धुऊन आटे कोरडे पुसा. मिठाचं पीठ रात्रभर अडकून राहिलं तर पितळ हिरवं पडतं.