समुद्रात कायाकवर फिश फाइंडर नेताय? नागपूरकरांनो, या चुका टाळा

माझा पहिला फिश फाइंडर, म्हणजे पाण्यात ध्वनी सोडून तळ आणि मासे स्क्रीनवर दाखवणारं यंत्र, समुद्रात मेला नाही. तो नागपुरात, घरच्या दिवाणात मेला. जानेवारीत तारकर्लीहून आलो, यंत्र ओल्या पिशवीसकट दिवाणात टाकलं आणि दिवाळीनंतर काढलं. प्लगच्या चारपैकी दोन पिना हिरव्या थराने झाकलेल्या. तिसरी बोट लावताच गळून पडली. बॅटरी चार्जरला लावली तर चार्जरचा दिवाच लागेना.

दुकानात आपण खाऱ्या पाण्याची चौकशी करतो, आणि ती करावीच. पण नागपूरहून जाऊन समुद्रात गरवणाऱ्याचं यंत्र वर्षातले फार तर दहा-बारा दिवस लाटांवर असतं. बाकीचे साडेतीनशे दिवस ते आपल्या उन्हात, कूलरच्या ओलाव्यात आणि गाडीच्या डिकीत काढतं. ७०१ किलोमीटरचा समृद्धी संपला तरी समुद्र काही लगेच दिसत नाही, म्हणजे प्रवासातले हाल वेगळेच. त्यामुळे किनाऱ्यावर राहणाऱ्याचा सल्ला आपल्याला अर्धाच लागू पडतो.

मोठा स्क्रीन, जास्त वॉट

पहिली चूक दुकानातच होते. सात इंचांचा स्क्रीन टेबलावर झकास दिसतो. कायाकवर तो वल्ह्याच्या आड येतो, वारा धरतो आणि बॅटरी पितो. चार-पाच इंचांचं यंत्र साधारण अर्ध्या अँपिअरच्या आसपास करंट घेतं, सात इंचांचं सहज एक अँपिअर किंवा त्याहून जास्त. कायाकवर चार-पाच इंच पुरेत.

वॉटचा आकडा बघताना तो आरएमएस, म्हणजे सरासरी ताकदीचा, आहे की पीक-टू-पीक, म्हणजे टोकापासून टोकापर्यंतचा, हे वाचा. पीक-टू-पीकचा आकडा आरएमएसच्या आठपट असतो. १६०० वॉट पीक-टू-पीक आणि २०० वॉट आरएमएस ही एकच ताकद आहे, खोक्यावर मोठा आकडा छापलेला असतो इतकंच. आणि वल्ही मारत जाणारा माणूस किती खोल पाण्यात जाणार? वीस-तीस मीटर फार झाले. तेवढ्याला २०० वॉट आरएमएस पुरून उरतात.

फ्रीक्वेन्सीचं गणित मात्र समजून घ्या. यंत्र पाण्यात सोडतं तो ध्वनी शंकूसारखा पसरतो; २०० किलोहर्ट्झचा शंकू साधारण २० अंशांचा असतो. म्हणजे खोली जितकी, त्याच्या तिसऱ्या हिश्श्याएवढा गोल तुम्हाला दिसतो: दहा मीटर पाण्यात साडेतीन मीटरचा, पंचवीस मीटरला जवळपास नऊ मीटरचा. तीन मीटर खोल तलावात तोच गोल एका मीटरचा उरतो. म्हणून तलावावर काहीच दिसलं नाही तर यंत्र बोगस ठरवू नका. कमी फ्रीक्वेन्सीचा शंकू रुंद असतो आणि खोल जातो, पण बारकावे पुसट होतात. चर्प असलेलं यंत्र एकाच फ्रीक्वेन्सीऐवजी पूर्ण पट्टा वापरतं, त्यामुळे तळाला चिकटून बसलेला मासा तळापासून वेगळा दिसतो. खडपांत, म्हणजे पाण्याखालच्या खडकांत, राहणाऱ्या गोब्रा-तांबोशीच्या मागे जाणार असाल तर पैसे इथे घाला.

जीपीएस असलेलंच घ्या. नकाशा नसला तरी चालेल, खूण साठवता आली पाहिजे. मासा लागला ती जागा, परतीचा किनारा, आणि जिथे गळ टाकायचा नाही ती हद्द. मालवणला १९८७ पासून सागरी अभयारण्य आहे. सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आसपास यंत्र चालू करण्याआधी स्थानिकांना विचारून घ्या.

एक छोटी गोष्ट, जी कोणी सांगत नाही: पोलराइज्ड गॉगल घालून दुकानात जा. काही स्क्रीन त्या गॉगलमधून आडवे बघितले की काळेठिक्कर पडतात. समुद्रावर गॉगल काढून बघायचं म्हणजे डोळ्यांची वाट.

बॅटरीत केलेली काटकसर

इन्व्हर्टरच्या दुकानात १२ व्होल्ट ७ अँपिअर-अवरची लेड-ॲसिड बॅटरी स्वस्तात मिळते. मीही तीच घेतली होती. वजन दोन किलोंच्या वर, आणि निम्म्याखाली उतरवली की लवकर खराब होते. म्हणजे हातात साडेतीनच. अर्ध्या अँपिअरला सात तास, तेही बॅटरी नवी असेपर्यंत. तेवढ्याच क्षमतेची लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी जेमतेम किलोभर वजनाची असते आणि जवळजवळ पूर्ण वापरता येते. महाग आहे, पण मला विचाराल तर स्क्रीन एक इंच लहान घ्या आणि ही बॅटरी घ्या.

फक्त तिचा चार्जर तिचाच हवा, १४.६ व्होल्टला थांबणारा. घरात पडलेला जुना चार्जर लावू नका. आणि पॉझिटिव्ह वायरवर, बॅटरीच्या जवळ, फ्यूज हवाच. बहुतेक छोट्या यंत्रांना ३ अँपिअरचा लागतो, तरी आपल्या यंत्राच्या पुस्तिकेत बघा. फ्यूजच्या जागी तांब्याची तार गुंडाळणारे कलाकार आपल्याकडे कमी नाहीत. आपल्याच बसायच्या जागेखाली बंद डब्यात बसलेली बॅटरी, वर खारं पाणी आणि फ्यूज नाही, हा खेळ खेळू नका.

यंत्र मधूनच बंद पडून पुन्हा चालू होत असेल तर आधी व्होल्टेज बघा. नव्वद टक्के वेळा मला तिथेच, नाहीतर प्लगच्या ढिल्या जोडात दोष सापडला आहे. विमानाने जाणार असाल तर सुटी लिथियम बॅटरी चेक-इनच्या बॅगेत चालत नाही, जवळच ठेवावी लागते. १०० वॉट-अवरच्या वर विमान कंपनीची परवानगी लागते. १२.८ व्होल्ट ७ अँपिअर-अवर म्हणजे सुमारे ९० वॉट-अवर, त्यामुळे ती सुटते. १२ अँपिअर-अवरची नाही.

ट्रान्सड्यूसर कुठे बसवायचा

ट्रान्सड्यूसर म्हणजे यंत्राचा ध्वनी सोडणारा आणि त्याचा प्रतिध्वनी ऐकणारा भाग. तो बसवायच्या दोन पद्धती आहेत आणि दोन्हींत माणसं फसतात. पहिली, कडेला दांडी लावून ट्रान्सड्यूसर पाण्यात सोडायचा. चित्र स्वच्छ येतं, पाण्याचं तापमानही खरं येतं. पण किनाऱ्यावर लाट फुटते तिथे ही दांडी सगळ्यात आधी तुटते. माझी तुटली, कारण मी ती वर न घेता वाळूकडे वल्हवत सुटलो. लाटेने कायाक आडवी केली आणि दांडी वाळूत रुतली. आता लाटांच्या पट्ट्यात शिरण्याआधी ट्रान्सड्यूसर वर, स्क्रीन काढून हॅचमध्ये, म्हणजे कायाकच्या झाकणाच्या कप्प्यात, आणि मग वल्हं. निघताना पण तसंच.

दुसरी पद्धत म्हणजे ट्रान्सड्यूसर कायाकच्या आत, बुडाला चिकटवायचा. ध्वनी प्लास्टिकमधून जातो, हवेतून मात्र जात नाही म्हणा ना. चिकटवताना मध्ये हवेचा एक बुडबुडा राहिला तरी चित्र फाटतं. आणि कायाक पॉलिथिलिनची असते, तिला बाजारातला बहुतेक गोंद धरत नाही. मी आधी झिपलॉकच्या पिशवीत पाणी भरून त्यात ट्रान्सड्यूसर ठेवतो, पिशवी बुडावर चार ठिकाणी सरकवून बघतो. जिथे तळ सगळ्यात ठळक येतो तिथे खूण करतो. मगच चिकटवायचं, हवा दाबून बाहेर काढत. यात थोडी ताकद जाते आणि तापमान बुडाचं दाखवतं, समुद्राचं नाही. डाउन किंवा साइड इमेजिंगचं, म्हणजे खालचं किंवा बाजूचं फोटोसारखं चित्र दाखवणारं, यंत्र घेतलं असेल तर ही पद्धत सोडून द्या, त्यातलं चित्र प्लास्टिकमधून नीट येत नाही.

यात नागपूरचा एक खास घोळ आहे. मे महिन्यात कायाक गाडीच्या टपावर करकचून बांधून उन्हात उभी केली की प्लास्टिक मऊ पडतं आणि टपावरच्या दांडीवर टेकलेल्या बुडाला खळगा पडतो. नेमका तिथेच ट्रान्सड्यूसर असेल तर गोंदाखाली हवा शिरते. पट्टा बेताने ओढा, कायाक उलटी ठेवा, शक्यतो रात्री निघा.

ट्रान्सड्यूसरची वायर जास्त झाली म्हणून कापू नका. सैल वेटोळं करून आत ठेवा, आणि बॅटरीच्या वायरपासून लांब. दोन्ही एकत्र बांधल्या की स्क्रीनवर उभ्या रेघांचा पाऊस पडतो आणि आपण यंत्राला दोष देतो.

स्क्रीनवर मासे, गळाला काही नाही

यंत्रात फिश आयडी म्हणून एक सोय असते, माशाची छोटी छोटी चित्रं दाखवणारी. ती बंद करा. पाण्यातले बुडबुडे, पालापाचोळा, सगळ्यालाच ते मासा म्हणतं. मालवणजवळ मी एका ठिकाणी तासभर गळ सोडून बसलो होतो, स्क्रीनवर मोठे मासे नाचताना बघत. बाजूने जाणाऱ्या होडीतल्या काकांनी स्क्रीनकडे एकदा बघितलं आणि म्हणाले, "मासो नाय रे, खडप असा ता."

खरा मासा कमान काढतो, पण तुम्ही किंवा तो हलत असेल तरच. कायाक थांबलेली आणि मासाही थांबलेला असेल तर लांब आडवी रेघ दिसते. उजवी कड म्हणजे आत्ताचं, डावीकडे सरकत गेलं ते मागचं. डावीकडे दिसलेल्या माशावर गळ सोडून बसलो तर तो कधीचा मागे पडलेला असतो. कायाकचा वेग चारेक किलोमीटर असतो, स्क्रोलचा वेगही तसा कमी करा, नाहीतर कमानी ताणून निघतात.

तळ कसा आहे हे वाचायला शिका, त्यात जास्त मासे आहेत. कठीण खडपाचा तळ ठळक येतो आणि कित्येकदा खाली दुप्पट खोलीवर त्याचीच दुसरी सावली उमटते. चिखल पुसट दिसतो. उथळ पाण्यात खोलीचा आकडा अचानक दुप्पट झाला तर यंत्राने ती सावली पकडली आहे, सेन्सिटिव्हिटी थोडी उतरवा. आकड्याऐवजी नुसत्या रेघा आल्या तर आधी ट्रान्सड्यूसर पाण्यात आहे का ते बघा. हसू नका, मी दोनदा बघितलेलं नाही.

मीठ, दुपट्टा आणि कूलर

आयपीएक्स७ लिहिलंय म्हणजे समुद्रात धुतलं तरी चालेल असं नाही. त्या चाचणीत एक मीटर पाण्यात अर्धा तास ठेवतात, तेही गोड्या पाण्यात. मीठ चाचणीनंतर महिनोन् महिने काम करत राहतं.

पहिल्या सफरीत स्क्रीनवर पाणी उडून वाळलं, पांढरे ठिपके झाले. आपण नागपूरकर, गळ्यात दुपट्टा असतोच. मी तो काढून खसाखसा पुसलं. मिठाचे कण म्हणजे पॉलिश पेपर झाला. आजही दुपारच्या उन्हात त्या स्क्रीनवर झाडूने सारवल्यासारखे ओरखडे चमकतात. आधी गोडं पाणी ओतायचं, मीठ विरघळू द्यायचं, मग मऊ ओल्या कापडाने टिपायचं. अमोनियाचा काच-पुसणी स्प्रे नको, स्क्रीनवरचा लेप उडतो. जेटचा पाइप तर अजिबात नको.

धुण्यासाठी बोअरिंगचं पाणीही टाळा. आपल्याकडे कूलरच्या जाळीवर जो पांढरा थर बसतो तोच पिनांवर बसतो. फिल्टरचं दोन लिटर पाणी पुरतं. प्लग पूर्ण वाळल्यावर मऊ टूथब्रश आणि कॉन्टॅक्ट क्लीनरने पिना साफ करा, चाकूने खरवडू नका, आणि डायइलेक्ट्रिक ग्रीसचा अगदी पातळ हात द्या. लोणी लावल्यासारखं नको.

मग ठेवायचं कुठे? कूलरच्या खोलीत नाही. मिठाचा अंश राहिला असेल तर कूलरची ओली हवा तो पुन्हा ओला करते आणि पिना खात बसते. माझ्या दिवाणातल्या यंत्राचं नेमकं हेच झालं होतं. डिकीतही नाही. बऱ्याच यंत्रांची कामाची मर्यादा ५५ अंशांची असते, लिथियम फॉस्फेट बॅटरी ४५ च्या वर चार्ज करू नये म्हणतात. नागपुरात मे महिन्यात बाहेरच ४५ असतं, बंद गाडीत किती होत असेल ते वेगळं सांगायला नको. आतल्या, कोरड्या खोलीतलं कपाट, सिलिका जेलच्या पुड्या, बॅटरी साधारण अर्धी चार्ज आणि यंत्रापासून सोडवलेली. दर दोन महिन्यांनी एकदा व्होल्टेज बघायचं.

पावसाळ्यात तर समुद्राकडे फिरकूच नका, नारळी पौर्णिमेनंतरही तिथल्या मच्छीमारांना विचारूनच पाण्यात उतरा.

सफरीच्या पंधरा दिवस आधी मी रामटेकजवळ खिंडसीवर जातो, परवानगी काढून, गळ न घेता. नुसतं यंत्र चालवून बघायला. काठावरची पोरं विचारतात, "काहून भाऊ, मासे दिसून राहिले का?" मी पाण्याचं सेटिंग खाऱ्यावरून गोड्यावर आणतो, वायरी हलवून बघतो, तीन तास सलग चालू ठेवून बॅटरी किती उतरली ते लिहितो. परत निघताना सेटिंग पुन्हा खाऱ्यावर करून ठेवतो. पहाटे साडेपाचला, लाटांसमोर, ते आठवत नाही.