आफ्रिकेत माल, तंत्रज्ञान किंवा भांडवल नेताना : नाशिकच्या लघुउद्योजकासाठी

अंबड किंवा सातपूरच्या औद्योगिक वसाहतीतील एखाद्या उद्योजकाने आपल्याला आफ्रिकेत व्यवसाय करायचा आहे असे सांगितले, की त्याला विचारण्याचा पहिला प्रश्न ‘कोणत्या देशात?’ हाच असतो. त्या खंडात 54 देश आहेत आणि नैरोबीत जुळलेला हिशेब लागोसमध्ये जुळेलच असे नाही. कांदा आणि द्राक्षे आपल्या एकाच जिल्ह्यात पिकतात, म्हणून दोन्हींचा व्यापार कोणी एका पद्धतीने करत नाही, तसेच हे आहे. तेव्हा सुरुवातीला एकच देश निवडावा आणि निदान दोन वर्षे तरी तो सोडू नये.

बोलणे हवेत राहू नये म्हणून येथे एक ठरावीक वस्तू समोर ठेवतो : शेतपंप मोबाइलवरून चालू-बंद करणारा स्टार्टर. रात्री-अपरात्री येणाऱ्या विजेमुळे आपल्याकडे ही वस्तू घरोघरी पोहोचली आणि ती बनवणारे छोटे कारखानेही उभे राहिले. उदाहरणासाठी देश केनिया घेऊ. नैवाशा सरोवराच्या काठची गुलाबाची हरितगृहे पाहिली, तर जानोरी-मोहाडीच्या फुलशेती करणाऱ्या माणसाला ती आकाराने मोठी, पण ओळखीची वाटतील.

आधी परतीची वाट

या विषयावरील बहुतेक व्याख्याने तरुण लोकसंख्येपासून आणि वाढत्या शहरांपासून सुरू होतात. ते खोटे नाही, परंतु लहान कारखानदार बुडतो तो मागणी नसल्यामुळे नव्हे, तर मागणी असूनही पैसे हातात न आल्यामुळे, आणि म्हणून मी तपासणी उलट्या टोकाने करायला सांगतो. ग्राहकाने स्थानिक चलनात दिलेली रक्कम डॉलर होऊन आपल्या नाशिकच्या बँकखात्यात कोणत्या मार्गाने येणार, हे कागदावर लिहून काढावे आणि त्यातील प्रत्येक टप्प्यावर काय अडू शकते ते विचारावे.

अलीकडची उदाहरणे डोळ्यांसमोर ठेवण्यासारखी आहेत. नायजेरियाने जून 2023 मध्ये विनिमयदराचे बंधन सैल केले, तेव्हा डॉलरला सुमारे 470 नायरा मोजावे लागत होते. वर्षभराच्या आतच तो दर 1,400 च्या पुढे गेला. इजिप्तने मार्च 2024 मध्ये पौंड मोकळा सोडल्यावर एका दिवसात डॉलर सुमारे 31 वरून 50 पौंडांच्या आसपास पोहोचला. इथिओपियाने जुलै 2024 मध्ये हाच मार्ग धरला. झांबिया 2020 मध्ये, घाना 2022 मध्ये आणि इथिओपिया 2023 मध्ये परदेशी कर्जफेडीत चुकला. केनियाचा शिलिंग मात्र 2024 च्या सुरुवातीला डॉलरमागे 160 पर्यंत घसरून काही महिन्यांतच 130 च्या जवळ परतला. त्यामुळे ‘आफ्रिकी चलने घसरतातच’ हेही सरसकट खरे नाही.

कराराची किंमत डॉलरमध्ये लिहिली की आपण सुरक्षित झालो, असा एक समज आहे. खरेदीदाराकडे स्थानिक पैसा असतो, तो द्यायलाही तयार असतो, पण त्याच्या बँकेकडेच डॉलर नसतात, ही अडचण किंमत डॉलरमध्ये लिहिल्याने सुटत नाही. म्हणून पहिल्या दोन-तीन खेपा आगाऊ रकमेवर किंवा अन्य देशातील भक्कम बँकेने हमी दिलेल्या, म्हणजे कन्फर्म केलेल्या, एलसीवरच (बँकेच्या पतपत्रावरच) पाठवाव्यात. उधारीवर माल द्यावाच लागला, तर ईसीजीसी या केंद्र सरकारच्या निर्यात पतविमा संस्थेकडून त्या खरेदीदारासाठी विमा मिळतो का, हे माल तयार करण्यापूर्वी विचारावे. ती संस्था त्या देशाला आणि त्या खरेदीदाराला कितपत जोखमीचे मानते, हे कळणे ही पॉलिसीइतकीच मोलाची माहिती आहे.

पश्चिम आफ्रिकेतील आठ देशांचा सीएफए फ्रँक युरोशी 655.957 या ठरलेल्या दराने बांधलेला आहे. सेनेगल किंवा आयव्हरी कोस्टमध्ये व्यवसाय करणाऱ्याला त्यामुळे चलनाची धास्ती कमी असते. शिवाय ओहाडा या व्यवस्थेमुळे 17 देशांत व्यापारी कायदा एकच आहे. अडचण फ्रेंच भाषेची आहे. नाशिकमधून तेथे फारसे कोणी जात नाही याचे कारण मला तरी एवढेच दिसते, आणि ज्याच्या घरात फ्रेंच शिकलेले मूल आहे, त्याने या गोष्टीचा जरूर विचार करावा.

सिमकार्ड, समुद्रातील केबल आणि मोबाइलवरचे पैसे

आपला स्टार्टर सिमकार्डवर चालतो, म्हणून त्या देशातील मोबाइल जाळे हा आपल्या वस्तूचाच एक सुटा भाग समजावा. भारतासाठी घेतलेले 4जी मॉड्यूल, म्हणजे स्टार्टरला मोबाइल जाळ्याशी जोडणारा भाग, तेथे चालेलच असे गृहीत धरू नये. 800 मेगाहर्ट्झचा बँड 20 हा लहरींचा पट्टा आपल्याकडे वापरात नाही. केनियात आणि इतर अनेक आफ्रिकी देशांत मात्र शहराबाहेरचे 4जी त्यावर अवलंबून असते. मॉड्यूल मागवताना बँड 3, 8 आणि 20 हे तिन्ही आहेत याची खात्री करावी आणि 2जीची सोय ठेवावी. प्लगचा प्रश्न त्या मानाने सोपा आहे : केनिया, युगांडा, टांझानिया, घाना आणि नायजेरिया येथे ब्रिटिश पद्धतीचे तीन चौकोनी पिनांचे प्लग चालतात, तर वीज आपल्यासारखीच 50 हर्ट्झची असते.

सिम असलेल्या प्रत्येक उपकरणाला त्या देशाच्या दूरसंचार नियामकाची मान्यता लागते. तिला टाइप अप्रूव्हल म्हणतात. केनियात ती कम्युनिकेशन्स अथॉरिटी देते, नायजेरियात एनसीसी आणि दक्षिण आफ्रिकेत इकासा. भारतातील मान्यतेचा कागद तेथे चालत नाही. या कामाला लागणारे महिने वेळापत्रकात आधीच धरावेत.

पूर्व आफ्रिकेला समुद्राखालची पहिली मोठी केबल 2009 मध्ये मिळाली. त्यापूर्वी तेथील इंटरनेट महागड्या उपग्रहांवर चालत असे. आता दोन्ही किनाऱ्यांना अनेक केबल आहेत, पण त्या तुटतातही. 14 मार्च 2024 रोजी आयव्हरी कोस्टजवळ चार केबल एकाच वेळी निकामी झाल्या आणि पश्चिम आफ्रिकेतील अनेक देशांचे इंटरनेट कोलमडले. त्याच वर्षी मे महिन्यात पूर्व किनाऱ्यावरील ईसी आणि सीकॉम या दोन केबल तुटल्या. यातून घ्यायचा बोध तांत्रिक आहे : ज्या उपकरणाचा सर्व्हर मुंबईत आहे आणि जे सर्व्हरला विचारल्याशिवाय पंप चालू करत नाही, ते तेथे विकू नये. स्टार्टरने साध्या एसएमएसवर आज्ञा पाळावी, नोंदी स्वतःकडे साठवाव्यात आणि जोडणी परतल्यावर पाठवाव्यात. ग्राहकांची माहिती गोळा होणार असेल, तर केनियाचा 2019 चा आणि नायजेरियाचा 2023 चा विदासंरक्षण कायदा स्थानिक वकिलाकडून समजून घ्यावा.

आता सर्वांत फायद्याची बाजू. सफारीकॉम या मोबाइल कंपनीने मार्च 2007 मध्ये केनियात एम-पेसा सुरू केले. बँकखाते नसलेला माणूस कोपऱ्यावरच्या एजंटकडे रोख भरतो आणि साध्या बटणांच्या फोनवरून, इंटरनेटशिवाय, कोणालाही पैसे पाठवतो. आपल्याकडचे यूपीआय बँकखात्यावर उभे आहे. एम-पेसाने पैसे थेट मोबाइल क्रमांकाशी जोडले. हा फरक लक्षात घेतला नाही, तर आपण भारतातले ॲप तसेच्या तसे तेथे नेण्याची चूक करतो.

या व्यवस्थेमुळे लहान रकमेची रोजची वसुली शक्य झाली. एम-कोपा या कंपनीने केनियात घरगुती सौर दिवे याच पद्धतीने विकले : थोडी रक्कम आधी, मग दिवसाचा हप्ता मोबाइलवरून, आणि हप्ता चुकला की उपकरण आपोआप बंद. आपल्या स्टार्टरमध्ये सिम आधीच असल्यामुळे हे तंत्र जोडणे अवघड नाही. सफारीकॉम दाराजा नावाने त्यासाठीची जोडणी प्रोग्रामरांना उपलब्ध करून देते. वसुलीसाठी पेबिल क्रमांक, म्हणजे ग्राहक ज्यावर हप्ता भरतो तो क्रमांक, मात्र स्थानिक नोंदणी असलेल्या भागीदाराच्या किंवा आपल्या तेथील कंपनीच्या नावाने घ्यावा लागेल. आणखी एक गोष्ट शेतकऱ्याच्या पोटी जन्मलेल्याला सांगावी लागू नये : दिवा एक रात्र बंद राहिला तर चालते, पण उभे पीक असताना पंप बंद पाडू नये. हप्ते पिकाच्या पैशाशी जुळवावेत.

माल निघण्यापूर्वीचे कागद

विदेश व्यापार महासंचालनालयाचा आयईसी (आयात-निर्यात) क्रमांक, मालाचा योग्य एचएस कोड, म्हणजे जकातीसाठीचा वर्गीकरण क्रमांक, आणि बँकेतील नोंदणी या प्राथमिक गोष्टी निमा किंवा आयमा या नाशिकच्या उद्योजक संघटनांच्या कार्यालयात ओळखीचा कोणीही समजावून देईल. चूक होते ती पुढच्या कागदात. केनियाकडे जाणारा बहुतेक माल निघण्यापूर्वी, म्हणजे भारतातच, तपासून घ्यावा लागतो आणि अनुरूपतेचे, म्हणजे माल तेथील मानकांनुसार असल्याचे, प्रमाणपत्र मिळवावे लागते. टांझानियात अशीच पद्धत आहे, नायजेरियात तिला सॉनकॅप म्हणतात. आमची पहिली खेप या प्रमाणपत्राविना न्हावा शेवाहून निघाली, कारण ज्या एजंटवर आम्ही विसंबलो त्याने ते केनियाच्या मोम्बासा बंदराला पोहोचल्यावर होते असे सांगितले होते. दंड, गोदामभाडे आणि कंटेनरचे विलंबशुल्क भरून झाल्यावर त्या खेपेत नफा म्हणून काही उरले नाही.

पूर्व किनाऱ्याला जाणाऱ्या जहाजाला सुएझ कालव्यातून जावे लागत नाही, त्यामुळे लाल समुद्रातील अस्थिरतेचा फटका मोम्बासा किंवा दार-ए-सलामच्या मालाला तुलनेने कमी बसतो. युगांडा आणि रवांडा यांना किनारा नाही. तेथील ग्राहकाला किंमत सांगताना बंदरापासूनचा ट्रकचा प्रवास विसरू नये.

भांडवल गुंतवायचे असेल तर

दोन वर्षे माल विकून पैसे वेळेवर आले असतील, तरच तेथे जुळणीचा विचार करावा. पूर्व आफ्रिकी समुदायाच्या समान आयातशुल्कात साधारणपणे कच्च्या मालावर 0, अर्धवट तयार मालावर 10 आणि तयार मालावर 25 किंवा 35 टक्के अशी रचना आहे. सुटे भाग पाठवून नैरोबीत जुळवणी केल्यास शुल्क वाचू शकते, आणि पुरेसे काम तेथे झाले तर तो माल त्या समुदायाचा ठरून शेजारच्या देशांत सवलतीत जातो. आफ्रिकी खंडीय मुक्त व्यापार क्षेत्राबद्दल बोलताना हीच अट विसरली जाते. त्या करारानुसार व्यापार 1 जानेवारी 2021 पासून सुरू झाला असला, तरी नाशिकहून गेलेल्या तयार पेटीला त्याचा काही उपयोग नाही.

कंपनीमार्फत परदेशात भांडवल नेताना ऑगस्ट 2022 पासूनचे परदेशातील गुंतवणुकीचे नियम लागू होतात. आपल्या नक्त मालमत्तेच्या 400 टक्क्यांपर्यंतची आर्थिक बांधिलकी स्वयंचलित मार्गाने, म्हणजे रिझर्व्ह बँकेच्या पूर्वपरवानगीशिवाय, चालते. फॉर्म एफसी आपल्या बँकेमार्फत भरून ओळख क्रमांक घ्यावा लागतो आणि दरवर्षी 31 डिसेंबरपर्यंत कामगिरी अहवाल द्यावा लागतो; हा अहवाल राहिला की पुढची रक्कम पाठवताना अडचण येते. वैयक्तिक पातळीवर एका आर्थिक वर्षात अडीच लाख डॉलरची मर्यादा आहे. लागोस-नैरोबीतील पैशांच्या ॲपमध्ये भागीदारी देऊ करणारे लोक सध्या बरेच भेटतात. परंतु नोंदणीकृत बाजारात नसलेल्या परदेशी वित्तसेवा कंपनीत निवासी व्यक्तीला स्वतःच्या नावाने अशी थेट गुंतवणूक सहसा करता येत नाही, तेव्हा सनदी लेखापालाला विचारल्याशिवाय शब्द देऊ नये. ज्यांना कारखाना न काढता केवळ दूरसंचाराच्या वाढीत भाग घ्यायचा आहे, त्यांच्यासाठी सफारीकॉम नैरोबीच्या, एमटीएन जोहान्सबर्गच्या आणि एअरटेल आफ्रिका लंडनच्या शेअरबाजारात आहे. चलनाची जोखीम तेथेही तीच.

लहान कारखान्यासाठी आणखी एक वाट एक्झिम बँकेच्या कर्जमर्यादांची (लाइन ऑफ क्रेडिट) आहे. भारत सरकारच्या वतीने परदेशी सरकारांना दिलेल्या या कर्जातून होणाऱ्या प्रकल्पांत सर्वसाधारणपणे 75 टक्के माल व सेवा भारतातून घ्याव्या लागतात. मोठे कंत्राट आपल्याला मिळणार नाही, पण ते मिळालेल्या भारतीय कंपनीला पॅनेल, स्टार्टर किंवा ठिबकचे भाग पुरवता येतात आणि पैसे भारतातच मिळतात. ईमेलवरून येणारी परदेशी निविदा मात्र नोंदणी शुल्क मागत असेल, तर ती तेथेच सोडून द्यावी. नायजेरियाच्या फौजदारी कायद्यातील फसवणुकीच्या कलमामुळे 419 हा आकडाच अशा प्रकारांचे नाव झाला आहे.

पहिली भेट

केनियासाठी आता व्हिसाऐवजी ऑनलाइन प्रवास परवाना घ्यावा लागतो. तेथील घड्याळ आपल्यापेक्षा अडीच तास मागे असल्यामुळे कारखाना सांभाळून बोलणी करणे सोयीचे जाते. नैरोबीत लुथुली अव्हेन्यूवरच्या इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांत दोन दिवस घालवावेत, चिनी स्टार्टर कितीला मिळतो आणि बिघडल्यावर दुरुस्त कोण करतो हे विचारावे, आणि मग नैवाशाकडे जाऊन शेतावरचा पंप पाहावा. आपला एक नमुना पिशवीत असू द्यावा आणि तेथील सिम टाकून तो शेतातच चालवून बघावा. पीतज्वराची लस मात्र मुंबईच्या मान्यताप्राप्त केंद्रात वेळेवर घ्यावी, कारण तिचे प्रमाणपत्र लस घेतल्यानंतर दहा दिवसांनी ग्राह्य होते. तिकिटाची तारीख तेवढी पुढची ठरवावी.