खान्देशात ‘शिक्षण आणि कमाई’वर प्रकल्प करताय?

एम.ए. अर्थशास्त्राच्या प्रकल्पाला हा विषय घेणारी मुलं दरवर्षी भेटतात. शिक्षण विचारायचं, पगार विचारायचा, झालं, असं वाटतं. अर्थशास्त्रज्ञ जेकब मिन्सर यांनी १९७४ साली मांडलेलं समीकरण हाताशी असतंच: शिक्षणाची वर्षं आणि अनुभवाची वर्षं यांनुसार कमाईचा लॉग (लॉगॅरिदम) किती बदलतो. समीकरण चांगलं आहे, पण आपल्याकडे ते डोळे मिटून लावलं की घोळ होतो.

रावेर-यावलकडचा केळीवाल्या बागायतदाराचा मुलगा घ्या आणि त्याच बागेत घड वाहणाऱ्या मजुराचा मुलगा घ्या. दोघं एकाच कॉलेजातून बी.ए. झालेले. पहिला पुण्यात एमपीएससीच्या तयारीला. खोली, मेस, अभ्यासिका, सगळे पैसे घरून. दुसरा निकाल लागायच्या आधीच जळगाव एमआयडीसीत ठेकेदाराकडे, चटईच्या नाहीतर पाइपच्या कारखान्यात. आज विचारलंत तर मजुराचा मुलगा कमावतोय आणि बागायतदाराच्या मुलाची कमाई शून्य. शून्याचा लॉग निघत नाही, म्हणून तो हिशेबातूनच गळतो. उद्या तो तहसील कार्यालयात बसेल किंवा परत केळीत येईल. पण थांबायची ऐपत त्याला घरानं दिली, आणि पदवीच्या रकान्यात ती दिसत नाही.

म्हणून बापाची जमीन आधी विचारा. नुसते एकर नकोत, पाणी आहे का ते विचारा. पाच एकर केळी आणि पाच एकर कोरडवाहू कापूस एका रांगेत बसवणारे प्रकल्प मी पाहिलेत! आईचं शिक्षण विचारायला तर बहुतेक जण विसरतातच.

बाजारही सगळीकडे सारखा नाही. भुसावळला रेल्वे, आयुध निर्माणी, शेजारी दीपनगरचं वीजकेंद्र. दहावी, आयटीआय, मग अप्रेंटिस ही वाट तिथं घरोघरी ठाऊक. नंदुरबारकडच्या धडगाव-अक्कलकुव्याच्या पाड्यावर ती सांगणारा काका-मामा सापडणं कठीण. तिथली कितीतरी कुटुंबं मुकादमाची उचल घेऊन गुजरातेत ऊसतोडीला जातात. पोरं बरोबर गेली की शाळा बुडाली. आता कमी शिक्षणामुळे कमाई कमी, की कमाई कमी म्हणून शिक्षण कमी?

हा गुंता सोडवायचा तर घरानं न ठरवलेला शिक्षणातला फरक शोधावा लागतो. अर्थशास्त्रज्ञ एस्थर डुफ्लो यांचा २००१ चा इंडोनेशियावरचा निबंध त्यासाठी जरूर वाचा. १९७० च्या दशकात तिथल्या सरकारनं ६१ हजारांवर प्राथमिक शाळा बांधल्या. जिथे जास्त शाळा झाल्या, तिथल्या तेव्हा शाळेच्या वयात असलेल्या मुलांचं शिक्षण आणि पुढची मजुरी किती वाढली, हे त्यांनी मोजलं. एम.ए.च्या प्रकल्पात एवढं जमणार नाही, पण तुमच्या तालुक्यात कॉलेज किंवा आश्रमशाळा कधी आली, हे तर काढता येईल?

गावात जायचं तर लग्नसराईत जा, बाहेरगावी गेलेले तेव्हा परततात. अहिराणीत “आंडोर काय करस?” (मुलगा काय करतो?) विचारलं की “सुरतले शे” (सुरतेला आहे) एवढंच उत्तर येतं. खरी चौकशी तिथून पुढे: लूमवर की साडीच्या दुकानात, महिन्याचा पगार की मीटरवर मजुरी, खोलीभाडं जाऊन हातात किती. शिकलेल्या सुनेबद्दल “ती घरीच असते” म्हणाले तर बेरोजगार लिहून मोकळे होऊ नका. घरच्या शेतात कापूस वेचायला कोण जातं, ते विचारा.