कॉम्बो स्वस्त की सुटे पार्ट? गेमिंग पीसीचा सौदा पारखताना

इंदुरात आरएनटी मार्गावरच्या सिल्व्हर मॉलमध्ये गेमिंग पीसीचा भाव विचारला की चिठोऱ्यावर सहा-सात ओळी लिहून मिळतात आणि खाली एकच आकडा. धनत्रयोदशीच्या सुमाराला तोच चिठोरा छापील होतो. वरच्या किमतीवर काट, खाली ठळक अक्षरांत नवी किंमत, आणि वर तोंडी जोड: "भिया, बोर्ड तो समझो फ्री में पड़ रहा है."

कॉम्बो, म्हणजे सगळ्या पार्टचा मिळून एकच भाव, दर वेळी फसवाच असतो असं नाही. नवी पिढी आली की दुकानदाराला साठलेला माल हलवायचा असतो आणि खरीखुरी सूट पदरात पडते. ती ओळखायची खूण त्या कागदावरच असते. ज्या पार्टचं नाव पूर्ण लिहिलंय तिथे सूट फारशी नसते, कारण गिऱ्हाईक तो भाव फोनवर लगेच बघतं. नाव अर्धवट असतं तिथून सूट काढलेली असते. "१६ जीबी रॅम", "५१२ एसएसडी", "५५० वॅट एसएमपीएस" ही नावंच नव्हेत. (एसएमपीएस म्हणजे पीसीला वीज पुरवणारा डबा.)

आधी नावं पूर्ण करून घ्या

प्रत्येक ओळीपुढे कंपनी आणि पूर्ण मॉडेल नंबर लिहून मागा. समजा कागदावर आहे: रायझन ५ ५५०० (प्रोसेसर), ए५२० बोर्ड (मदरबोर्ड), १६ जीबी रॅम, ५१२ एसएसडी, आरटीएक्स ३०५० (ग्राफिक्स कार्ड), ५५० वॅट एसएमपीएस, आरजीबी कॅबिनेट.

५५०० आणि ५६०० ही भावंडं वाटतात. दोन्हींत सहा कोर (हिशोब करणारे भाग), बारा थ्रेड (एका वेळी चालणारी कामं). पण ५६०० मध्ये एल३ कॅश (प्रोसेसरमधली झटपट मेमरी) ३२ एमबी आणि पीसीआय (प्रोसेसर आणि कार्ड यांच्यातला रस्ता) ४.०, ५५०० मध्ये कॅश १६ एमबी आणि पीसीआय ३.०. गेममध्ये कॅशचा फरक जाणवतो. ५६००जीचंही तसंच, १६ एमबी आणि ३.०, फक्त त्यात स्वतःचं ग्राफिक्स आहे, ५५०० आणि ५६०० मध्ये ते नाही. इंटेलच्या नावात शेवटी एफ असला, जसं १२४००एफ, तर तिथेही नाही. म्हणजे "बोर्ड, प्रोसेसर, रॅम" एवढाच कॉम्बो घेऊन कार्ड पुढच्या महिन्यात घ्यायचा बेत असेल, तर महिनाभर मॉनिटर काळाच राहील.

पीसीआयचा आकडा एका ठिकाणी फार बोचतो. आरएक्स ६५००एक्सटी या ग्राफिक्स कार्डाला पीसीआयच्या चारच लेन आहेत आणि मेमरी ४ जीबी. ती भरली की कार्ड त्या चार लेनमधून रॅमकडे धावतं. पीसीआय ३.० वर तो रस्ता निम्मा अरुंद होतो आणि गेम झटके खातो. ५५०० सोबत हे कार्ड जोडलेला कॉम्बो दिसला तर तिथेच थांबा. बोर्ड बी५५० असला तरी फरक पडत नाही, प्रोसेसरच ३.० चा आहे.

आरटीएक्स ३०५० नावाची निदान दोन कार्डं बाजारात आहेत. ८ जीबीवाल्यात २५६० कोर, १२८ बिटची बस (कार्डाच्या मेमरीकडे जाणारी वाट), १३० वॅट. ६ जीबीवाल्यात २३०४ कोर, ९६ बिट, ७० वॅट. खोक्यावर मोठ्या अक्षरांत दोघांचंही नाव ३०५०च. हळू कार्डाला वेगवान कार्डाचा भाव लावला जातो तो इथे. "आरएक्स ५८०" म्हणून दाखवलेलं कार्ड २०४८एसपी असेल तर त्यात कोर २०४८. मूळ ५८० मध्ये २३०४. शिवाय ती कार्डं बहुतेक वापरलेली, त्यातली बरीच क्रिप्टो मायनिंगमधून आलेली.

रॅमबद्दल तीन प्रश्न: एक स्टिक की दोन, वेग किती, सीएल (रॅम उत्तर द्यायला किती थांबवते त्याचा आकडा) किती. ८-८ च्या दोन स्टिक ड्युअल चॅनेलमध्ये चालतात. १६ ची एकच स्टिक निम्म्या रुंदीच्या वाटेनं चालते. ५६००जीसारखा स्वतःच्या ग्राफिक्सवर चालणारा प्रोसेसर असेल तर एका स्टिकवर त्याचं कंबरडंच मोडतं, कारण त्याची ग्राफिक्स मेमरी म्हणजे हीच रॅम. ३२०० सीएल१६ चा प्रत्यक्ष विलंब १० नॅनोसेकंद, ३२०० सीएल२२ चा १३.७५. एक सूचना वेगळी: २०२५च्या अखेरीपासून रॅमचे भाव इतके चढलेत की कधी कधी कॉम्बोतली सगळ्यात मोलाची वस्तू रॅमच ठरते. जुन्या व्हिडिओतला भाव मनात धरून भांडू नका.

एसएसडी एनव्हीएमई की साटा, एवढं विचारलं तरी पुष्कळ झालं. साटा ५५० एमबी प्रति सेकंदाच्या आसपास अडकते, पीसीआय ३.० ची चांगली एनव्हीएमई ३,५०० पर्यंत जाते. खेळताना फरक थोडा, लोडिंगला बरा. मात्र दोघींचा भाव एक लावलेला नसावा.

बोर्डाच्या बाबतीत एच६१० असेल तर डीडीआर४ रॅमचा की डीडीआर५ रॅमचा ते बघा, दोन्ही मिळतात. बी६६० वर तेराव्या-चौदाव्या पिढीचा प्रोसेसर किंवा बी६५० वर रायझन ९००० असेल तर बायोस (बोर्डातलं पीसी सुरू करणारं सॉफ्टवेअर) अपडेट केलेला हवा. जुन्या स्टॉकमधला बोर्ड घरी नेला आणि चालूच झाला नाही, याचं कारण बहुतेक वेळा हेच.

मग हिशोब

पूर्ण नावं हाताशी आली की तीच यादी आणखी दोन दुकानांना मेसेज करा. प्रत्येक पार्टचा सुटा, जीएसटीसकट, आजचा रोख भाव मागा. ऑनलाइन भावही बघा. छापील एमआरपी हिशोबात घेऊ नका, त्या भावानं कोणी काही विकत नाही.

खालचे आकडे बाजारभाव नव्हेत, रीत कळावी म्हणून घेतलेत. प्रोसेसर ८,०००, बोर्ड ५,०००, रॅम ९,०००, एसएसडी ५,०००, कार्ड १९,०००, एसएमपीएस ३,०००, कॅबिनेट ४,०००. बेरीज ५३,०००. कॉम्बो ४९,००० ला. चार हजारांची बचत दिसते.

आता प्रत्येक ओळीला विचारा: हा पार्ट सुटा मिळाला असता तर याच मॉडेलचा घेतला असता का? नसता, तर त्यापुढे शून्य. एसएमपीएस भरवशाचा नाही, बदलणारच आहात: ३,००० गेले. कॅबिनेट घरी चांगलं पडलंय: ४,००० गेले. उरले ४६,०००, आणि मागतोय ४९,०००. बचत सोडा, तीन हजार वर जातायत. नवा चांगला एसएमपीएस घ्यायचा खर्च मात्र यातून पुन्हा वजा करू नका. सुटे पार्ट घेतले असते तरी तो होणारच होता. याच ठिकाणी बरेच जण एक खर्च दोनदा मोजतात आणि चांगला सौदा सोडून येतात.

शून्य न लिहिता अर्धा भावही लिहिता येतो, पण तो पार्ट खरोखर विकायचा असेल आणि गिऱ्हाईक माहीत असेल तरच. "कधीतरी विकू" म्हणून ठेवलेला कूलर माळ्यावर जातो. "विंडोज फ्री" आणि आरजीबी पंख्यांच्या ओळीपुढे बिनधास्त शून्य लिहा. नो-कॉस्ट ईएमआय असेल तर प्रोसेसिंग फी आणि व्याजावरचा १८ टक्के जीएसटी किमतीत मिळवा.

एवढं करून पाच टक्क्यांच्या आत बचत उरत असेल तर सुटेच घ्या. मॉडेल आपल्या पसंतीची मिळतात ती त्याहून मोलाची. दहा टक्क्यांच्या वर खरी बचत उरली तर फार घासाघीस न करता घ्यावा, तो माल थांबत नाही.

एसएमपीएसचं लेबल वाचायला शिका

इतर पार्ट हलका निघाला तर गेम हळू चालतो. हा निघाला तर बाकीचे सगळे घेऊन बुडतो, म्हणून याच्यावर जरा जास्त वेळ घालवू.

खोक्यावर ४५० वॅट लिहिलेलं असतं. ते सोडा, बाजूच्या तक्त्यात +१२ व्होल्टचा रकाना शोधा. प्रोसेसर आणि कार्ड जवळजवळ सगळी वीज तिथूनच ओढतात. तिथे १८ ए (अँपिअर) असेल तर १८ गुणिले १२, म्हणजे २१६ वॅट. उरलेले वॅट ३.३ आणि ५ व्होल्टच्या ओळी मिळवून फुगवलेले असतात. आता बेरीज करा: ३०५० ८ जीबीला १३० वॅट, आणि ६५ वॅटचा म्हणून विकला जाणारा रायझन प्रत्यक्षात ८८ पर्यंत घेऊ शकतो. झाले २१८. पंखे, एसएसडी, बोर्ड अजून मोजलेच नाहीत.

असा पीसी दुकानात छान चालतो, डेस्कटॉपवर ओढच नसते. घरी गेम सुरू केल्यावर वीस मिनिटांनी स्क्रीन काळी होते किंवा पीसी आपोआप रीस्टार्ट होतो, आणि दोष कार्डाला दिला जातो. मागे लाल रंगाचं ११५/२३० चं बटण असेल तर तो सहसा जुन्या घडणीचा, अ‍ॅक्टिव्ह पीएफसी (वीज नीट ओढणारं सर्किट) नसलेला. ते बटण चुकून ११५ वर गेलं तर आपल्या २३० व्होल्टवर धडामच. कार्डासाठी सहा किंवा आठ पिनची स्वतंत्र वायर हवी. सहा पिनमधून ७५ आणि आठ पिनमधून १५० वॅट अपेक्षित असतात. मोलेक्सचा (जुन्या चार पिनच्या वायरीचा) जोड लावून दिलेला असेल तर नको म्हणा. "८० प्लस" हा शिक्का वीज किती वाया जाते तेवढंच सांगतो. भरवशासाठी बारा व्होल्टचा आकडा आणि वॉरंटीची वर्षं बघा; पाच वर्षं देणारी कंपनी उगीच देत नसते.

मे महिन्यात इंदूरचा पारा चाळिशी ओलांडतो. सुदामानगरातल्या वरच्या मजल्यावरच्या खोलीत दुपारी दोनला जो एसएमपीएस टिकेल तो घ्यायचाय, एसी दुकानात टिकणारा नव्हे. समोर नुसती काच असलेलं कॅबिनेट याच कारणासाठी टाळा. जाळी हवी, आणि तिच्या मागे धूळ अडवणारी गाळणी. साधारण ६०० व्हीएचा यूपीएस ३६० वॅटचा असतो, त्यावर पीसी आणि मॉनिटर मिळून किती ओढतात ते मोजूनच जोडा.

"आय७ गेमिंग पीसी" फार स्वस्तात

आय७-३७७० हा २०१२ सालचा. त्यासोबत एच६१ चा नवाकोरा दिसणारा बोर्ड आणि जीटी ७३० कार्ड देतात. विंडोज ११ ला इंटेलची आठवी पिढी आणि टीपीएम २.० (सुरक्षेची चिप) लागतं, विंडोज १० चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. मुलाला "कोडिंगसाठी" म्हणून घेऊन देत असाल तरीही हा नको. झिऑन ई५-२६८० व्ही४ (इंटेलचा सर्व्हरसाठीचा प्रोसेसर) आणि एक्स९९ बोर्डाचा कॉम्बो जरा बरा. १४ कोर असतात, पण टर्बो (कमाल वेग) ३.३ गीगाहर्ट्‌झवर थांबतो. १२४००एफ सहाच कोरांत ४.४ पर्यंत जातो, आणि बहुतेक गेमना तोच वेग हवा असतो. रेंडरिंग करणाऱ्यानं झिऑनचा विचार करावा, खेळणाऱ्यानं नको.

काउंटरवरची वीस मिनिटं

पैसे देण्याआधी पीसी जोडून चालू करून मागा. पेनड्राइव्हवर सीपीयू-झी, जीपीयू-झी, क्रिस्टलडिस्कइन्फो आणि फरमार्क ही तपासणीची सॉफ्टवेअर घेऊन जा.

सीपीयू-झीच्या मेमरीच्या पानावर ड्युअल दिसतं का बघा. ३२०० च्या रॅमला तिथे १६०० दिसणं बरोबर, तो निम्माच दाखवतो. १०६६ किंवा १३३३ दिसलं तर बायोसमध्ये एक्सएमपी (रॅमला पूर्ण वेगावर नेणारी सेटिंग) चालू करायला सांगा. जीपीयू-झीमध्ये कोर आणि बस वर दिलेल्या आकड्यांशी ताडा. जुन्या चिपवर नवं नाव चढवलेलं कार्ड असेल तर जीपीयू-झी नावाआधी इंग्रजीत फेक असं लिहून मोकळा होतो. क्रिस्टलडिस्कइन्फोत नव्या एसएसडीचे पॉवर-ऑन तास एक आकडी हवेत. शेवटी कार्डावर पूर्ण ताण देणारं फरमार्क दहा मिनिटं. दुकानदार कुरकुरेल, कुरकुरू द्या.

बिल पक्कं, जीएसटीचं, आणि त्यावर प्रत्येक पार्टचा सिरीयल नंबर. "कॉम्बो पीसी, नग १" असं एका ओळीचं बिल घेतलं की दोन वर्षांनी एकट्या कार्डाची वॉरंटी मागताना अडचण येते. प्रोसेसर खोक्यातला की ट्रेचा (कंपनीच्या खोक्याविना सुटा आलेला) तेही लिहून घ्या. इंटेलच्या ट्रे प्रोसेसरची वॉरंटी कंपनी थेट देत नाही, विकणाऱ्याकडेच जावं लागतं. खराब पार्ट इंदुरातच जमा होतो की बाहेर पाठवावा लागतो, आणि कुरियरचे पैसे कोणाचे, हेही आधीच ठरवा.

बाकी सगळं पटलं आणि एसएमपीएसच अडत असेल, तर पूर्ण कॉम्बो नाकारण्याआधी एवढंच म्हणून बघा: "भिया, एसएमपीएस निकाल दो, उसके पैसे कम कर दो." बऱ्याचदा कमी होतात.